'कर्ता कुठं गेला?' टेन्स आणि पॅसिव्हच्या आठवणी लिहा

पूर्वभागकर:
काल पुतणी व्हॉइसचा गृहपाठ घेऊन बसली होती. 'द डोअर वॉज ओपन्ड.' म्हणाली, "काका, दार कुणी उघडलं ते दिलंच नाही, मग ॲक्टिव्ह कसं करू?" आणि आमचे इंग्रजीचे सर डोळ्यांसमोर उभे राहिले.

सरांनी फळ्यावर एकच वाक्य लिहिलं होतं, 'दे वेअर हँग्ड ऑन १२ जानेवारी १९३१.' मग आपल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांची नावं घेतली. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. आम्ही रोज त्यांच्याच चार पुतळ्यांवरून शाळेला जायचो, तरी वर्ग चिडीचूप. "येरवड्यात फासावर चढवलं, तारीख आहे, सगळं आहे. फाशी दिली कुणी? वाक्यात दाखवा." कुणाला दाखवता येईना. सर म्हणाले, "परीक्षेत बाय गाळलं तर चालतं. वाचताना मात्र दर वेळी विचारायचं, कर्ता कुठं गेला?" शर्ट टांगला तर हंग, माणसाला फाशी दिली तर हँग्ड, हेही त्याच दिवशी कळलं, ते आजवर विसरलो नाही.

तुमचंही लिहा. टेन्सचं पण चालेल.

कडकभाकरी:
काटा आला ओ अंगावर. आम्हाला नुसतं पाठ करायला लावलं. कर्म पुढं घ्या, टू बी लावा, तिसरं रूप, मग बाय. 'स्लीप'ला कर्मच नाही म्हणून त्याचं पॅसिव्ह होत नाही, हे बारावीत कळलं. तोवर जोर लावून करत होतो.

होटगीरोड:
टेन्समध्ये आपल्या बोलीनं लई मदत केली मला. पुस्तकात 'तो खात आहे', घरात कोण असं बोलतंय? बाई म्हणायच्या, जिथं तुम्ही 'खायलालाय' म्हणता तिथं इज ईटिंग. 'खाल्लाय' म्हणजे हॅज ईटन. 'रोज खातो' म्हणजे नुसतं ईट्स. एका तासात तिन्ही बसले.

कडकभाकरी:
'काय करायलालास बे' हे पुण्यात बोललो तर हॉस्टेलवर सगळे बघत बसायचे 😀

शेंगाचटणी:
मुलाखतीत मी 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' म्हटलं. मराठीत 'पाच वर्षांपासून काम करतोय', तेच जसंच्या तसं उचललं. समोरच्या मॅडमनी नंतर शांतपणे समजावलं. आधी सुरू झालं, अजून चालू आहे, म्हणून हॅव बीन वर्किंग. पाच वर्षं हा काळ, म्हणून फॉर. २०१८ सारखं टोक असेल तर सिन्स. नोकरी मिळाली, त्या मॅडमना अजून दिवाळीला फोन करते.

एमपीएस्सीवाला:
घाईत लिहितोय. मराठीचा कर्मणी आणि इंग्रजीचा पॅसिव्ह एक नाही, इथं पोरं घसरतात. 'रामाने आंबा खाल्ला' कर्मणी आहे, पण इंग्रजीत साधं ॲक्टिव्ह, राम एट अ मँगो. 'रामाकडून आंबा खाल्ला गेला' हा नवीन कर्मणी, तो पॅसिव्हच्या वळणाचा. नंतर सविस्तर लिहितो, क्लास सुरू होतोय.

भैय्याचौक:
आमच्या गल्लीच्या जवळच डॉ. कोटणीसांचं स्मारक, म्हणून सर त्यांचंच वाक्य द्यायचे. डॉक्टर कोटणीस वेंट टू चायना इन १९३८. साल आलं की हॅज गॉन लिहायचं नाही, 'यस्टरडे'लाही तेच. पोरांना इतिहास आणि पास्ट टेन्स एकदमच पाठ झाला.

होटगीरोड:
@शेंगाचटणी, तुमची चटणी कुटलेली की मिक्सरची? घरची मिक्सरमध्ये कोरडीच राहते.

शेंगाचटणी:
कुटलेलीच. तेल सुटेपर्यंत कुटायची, मिक्सरला तो ओलावा येत नाही.

अशोकचौकाची:
आई विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात पत्र्याच्या मापानं कापलेली पानं. मी टेकून बसून टेन्स म्हणायची. बाईंनी घरातलं वाक्य आणायला सांगितलं तेव्हा मी 'बिडीज आर रोल्ड बाय माय मदर' नेलं. बाई म्हणाल्या, बरोबर आहे, शेवटचे तीन शब्द काढले तरी वाक्य पूर्णच राहतं. खोडरबर हातात घेतला होता, पण ते तीन शब्द खोडले नाहीत. कारखान्यात हजार विड्यांतून छाट, म्हणजे नापास विड्या, निघायची, तिथला माणूस नुसता 'छाट निघाली' म्हणायचा. आई तेलुगूत विचारायची, "एवरु तीसिनारु?" कुणी काढली?

कडकभाकरी:
ताई, नमस्कार सांगा आईंना.

अशोकचौकाची:
सांगते. आता चष्म्याशिवाय पान दिसत नाही, पण बोटं वळतात अजून, रिकामीच.

एमपीएस्सीवाला:
@पूर्वभागकर, पुतणीनं काय लिहिलं शेवटी?

पूर्वभागकर:
'समवन ओपन्ड द डोअर.' उत्तर बरोबर आहे. ती मात्र सकाळपासून विचारायलालीय, समवन म्हणजे कोण.