सुई रोबोटच्या हाती द्यावी का?

टोकदार: रक्तवाहिन्यांवरच्या बिनटाक्याच्या उपचारांत कौतुक होतं ते स्टेंटचं. सुरुवात मात्र सुईनेच होते. स्वीडिश डॉक्टर सेल्डिंगर यांनी १९५३ साली मांडलेली रीत अजून तीच आहे: धमनीत सुई, सुईतून वायर, सुई बाहेर, मग वायरवरून कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, आत. जांघेत सुई जरा वर लागली तर रक्त पोटाच्या मागच्या बाजूला झिरपतं आणि बाहेरून पत्ताही लागत नाही. खाली लागली तर स्यूडोअ‍ॅन्युरिझमची, म्हणजे धमनीबाहेर साचलेल्या रक्ताच्या फुग्याची, भीती. सोनोग्राफी बघून कोन आणि खोली ठरवणारा रोबोट इथेच हवा, असं माझं मत.

जुना_रेसिडेंट: साफ असहमत. सोनोग्राफीच्या प्रोबने (अंगावर टेकवतात त्या भागाने) दाबलं की शीर चपटी होते, धमनी उडत राहते. ओळखायला एवढं पुरतं. सुईचं टोक टेकलं की धमनीची भिंत आधी आत दबते, मग एकदम सुटते. ते बोटांना कळतं. यंत्राला कसं कळणार?

टोकदार: जोर मोजणारा सेन्सर लावता येतो की! आणि सगळ्यांची बोटं तुमच्याइतकी तयार नसतात. रात्री तीनला ड्युटीवर बहुधा नवखाच असतो.

कावेरी_के: हे पटलं. पण रात्री तीनला बीपी कोसळलेला रुग्ण समोर असताना रोबोट मांडून त्यावर निर्जंतुक कव्हर चढवत कोण बसणार?

जुना_रेसिडेंट: तेच तर. २०१८ मध्ये अहमदाबादच्या डॉ. तेजस पटेल यांनी सुमारे ३२ किमीवरून रोबोटने अँजिओप्लास्टी केली. तेव्हाही सुई रुग्णाजवळच्या टीमनेच लावली होती.

टोकदार: अहो, म्हणूनच म्हणतोय! लांबच्या गावी सुई लावणाराच नसेल तर पुढचं काम करणारा रोबोट काय कामाचा?

अ‍ॅप्रनवाला: रेडिएशनचा मुद्दा आधीच निकालात काढतो. सोनोग्राफीवर सुई लावायला एक्स-रे लागत नाही, त्यामुळे 'डॉक्टर किरणांपासून वाचतो' हा कॅथेटर सरकवणाऱ्या रोबोटचा फायदा इथे मिळत नाही. आणि धंदा बघा: सीमेन्स हेल्थिनियर्सने २०१९ मध्ये असे रोबोट बनवणारी कॉरिंडस कंपनी सुमारे १.१ अब्ज डॉलरला घेतली, २०२३ मध्ये हृदयाच्या रोबोटमधून अंग काढून घेतलं.

जुना_रेसिडेंट: ठीक, एक मधला मार्ग. रोबोटने दिशा धरून ठेवावी, सुई मी ढकलेन.

टोकदार: दिशा तर प्रोबवर दिसतेच हो. मागच्या भिंतीतून सुई आरपार जाते ती ढकलतानाच!