पेनेलोपे क्रूझची हॉलिवुडची वर्षे: वाया गेली की कामी आली?

धागाकर्ता: परवा 'वोल्वेर' (२००६) हा पेनेलोपे क्रूझचा स्पॅनिश चित्रपट पुन्हा पाहिला. स्वयंपाकघरात नवरा मरून पडला आहे, रायमुंदा, म्हणजे पेनेलोपे, फरशीवरचे रक्त टिपून घेते आहे, तेवढ्यात शेजारी दारात येतो आणि तिच्या मानेवरचा डाग पाहून काही लागले का म्हणून विचारतो. त्यावर ती 'बायकांचे असते काहीतरी' अशा अर्थाचे दोन शब्द टाकून त्याला वाटेला लावते. १९९२च्या 'हामोन हामोन' या चित्रपटापासून स्पेनमध्ये गाजलेल्या आणि १९९९ मध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा गोया हा स्पेनचा चित्रपट पुरस्कार मिळवलेल्या पेनेलोपेला 'व्हॅनिला स्काय' किंवा 'कॅप्टन कोरेलीज मँडोलिन'मध्ये देखणी परदेशी प्रेयसी म्हणून उभे केले गेले, याची चीड येते. माझ्या मते ती वर्षे वाया गेली.

दुपारचा खेळ: साफ असहमत. ऑस्कर जिंकणारी पहिली स्पॅनिश अभिनेत्री हा तिचा मान 'विकी क्रिस्टीना बार्सेलोना' या एका अमेरिकी दिग्दर्शकाच्या चित्रपटामुळे आहे. स्पेनमधल्या आल्कोबेन्दास गावच्या, केशकर्तन करणाऱ्या आईच्या या मुलीने परक्या भाषेत पडेल ते काम स्वीकारून पाय रोवले नसते, तर ती भूमिका तिच्याकडे चालून आली असती का?

धागाकर्ता: उदाहरण तुम्ही माझ्याच बाजूचे दिलेत! त्या चित्रपटातली तिची मारिया एलेना खरी पेटते ती स्पॅनिशमध्ये. सहकलाकार हाविएर बार्देम तिला पुन्हा पुन्हा 'इंग्रजीत बोल' म्हणून दटावतो आणि ती चिडली की परत मातृभाषेवर घसरते. प्रेक्षक हसतात तेही तिथेच.

अरसिक: एक आगाऊ प्रश्न. आपण सगळे उपशीर्षके वाचत स्पॅनिश चित्रपट पाहतो. इंग्रजीतला तिचा अवघडलेला उच्चार आपल्या कानाला कळतो, स्पॅनिशमधली चूक कळण्याची सोय नाही. मग स्पॅनिशमध्ये ती थोर वाटते, यात आपल्या अज्ञानाचा वाटा किती? आणि 'वोल्वेर'मधल्या ज्या गाण्याने डोळे भरून येतात, तो आवाज एस्त्रेया मोरेन्ते या गायिकेचा आहे. पेनेलोपेचे काय, तर चेहरा आणि गाडीत लपून ऐकणाऱ्या आईकडे न पाहता भरून आलेले डोळे. तेव्हा भाषेचे एवढे माहात्म्य नको.

साधा वाचक: त्याच चित्रपटात तिच्या आईचे काम करणाऱ्या कार्मेन माउराकडे पाहा. हॉलिवुडच्या वाटेला न जाता त्यांनी चार गोया मिळवले. फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात 'वोल्वेर'च्या सहा अभिनेत्रींना मिळून पुरस्कार दिला गेला, त्यात या दोघी होत्या. पण भारतात त्यांतले एकच नाव ठाऊक आहे. हॉलिवुडने प्रसिद्धी दिली हे मान्य, अभिनय दिला असे मात्र मला दिसत नाही.

दुपारचा खेळ: प्रसिद्धीला एवढे हलके समजू नका. आपण इथे माउरांबद्दल बोलतो आहोत, तेसुद्धा पेनेलोपेमुळे 'वोल्वेर' पाहिला म्हणून. मीही त्यांतलाच.

धागाकर्ता: अरसिक यांचा मुद्दा मला बोचला, म्हणून कानाऐवजी डोळ्यांवर भिस्त ठेवून एक तुलना केली. 'व्हॅनिला स्काय' (२००१) हा १९९७च्या 'आब्रे लोस ओहोस' या स्पॅनिश चित्रपटाचा अमेरिकी अवतार आणि दोन्हींत सोफियाची भूमिका पेनेलोपेचीच आहे. काल दोन्ही आवाज बंद करून पाहिले. मूळ चित्रपटातली सोफिया समोरच्याला जोखत, काहीतरी हातचे राखून बोलते. दुसऱ्यात कॅमेराच तिच्यावर इतका लुब्ध आहे की तिला हसण्यापलीकडे फारसे काम उरत नाही. भाषेवर खापर फोडले ही माझी चूक झाली, तेवढा शब्द मागे घेतो. 'वाया गेली' हा शब्द मात्र अजून मागे घेत नाही.