एका दिवसात साउथ डाउन्स वे: कोण कोण येणार?

प्रेषक: रेडिंगकर

सर्वांना नमस्कार,

पाडव्याच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत जे बोलणं झालं, ते हवेत विरायच्या आत लिहून टाकतो.

बेत असा. पहाटे विंचेस्टरहून निघायचं आणि माउंटन बाइकवर दक्षिण इंग्लंडमधल्या साउथ डाउन्स टेकड्यांच्या माथ्यामाथ्याने जात रात्रीपर्यंत ईस्टबर्नला समुद्र गाठायचा. अंतर १६० किमी. दिवस २१ जूनच्या जवळचा शनिवार, कारण तेव्हा पावणेपाचच्या सुमाराला सूर्य उगवतो आणि रात्री सव्वानऊनंतर मावळतो. सध्या पाच जण नक्की आहेत. त्यातल्या काहींची सायकल रिचमंड पार्कच्या पलीकडे गेलेली नाही, पण उत्साह दांडगा आहे.

ज्यांनी हा मार्ग केलाय त्यांनी कृपया सांगावं: वेळ किती लागतो, पाणी कुठे मिळतं, सायकल कशी हवी? आणि हा मंडळाचा अधिकृत कार्यक्रम करावा का?

रेडिंगकर

प्रेषक: हॅरोचे काका

चि. रेडिंगकर,

अनेक आशीर्वाद. खरं तर गप्प बसणार होतो, पण हिने तुझी मेल मोठ्याने वाचून दाखवली. मी नकाशा काढून बसलो. या मार्गावरची सगळ्यात उंच जागा म्हणजे बटसर हिल, २७० मीटर. अरे, आपलं पुणं शहरच त्याच्या दुप्पट उंचीवर वसलंय! एवढ्या टेकाडांसाठी पहाटे उठून जिवाचा आटापिटा कशाला? ईस्टबर्नला व्हिक्टोरियाहून थेट गाडी जाते. दीड तास लागतो आणि खिडकीची जागा मिळाली तर डाउन्सही दिसतात.

काका

प्रेषक: ब्रायटनकर

काका, नमस्कार.

उंचीचा आकडा तुमचा बरोबर आहे, आणि नेमका तोच आकडा बघून लोक फसतात. ते २७० मीटर एकदाच चढायचे असते तर मीही हसलो असतो. पण ॲरन, अडर, ऊझ आणि ककमिअर या चार नद्यांनी ही डोंगररांग आडवी कापलीये. प्रत्येक नदीपाशी वाट जवळजवळ समुद्रसपाटीला उतरते आणि पलीकडे लगेच पुन्हा माथ्यावर चढते. त्याच्या आधी हॅम्पशरमधले चढउतार आहेत ते वेगळेच. दिवसभराची बेरीज ३,८०० मीटरच्या आसपास जाते. कळसूबाई समुद्रसपाटीपासून १,६४६ मीटर. म्हणजे समुद्रकिनाऱ्यावरून दोनदा कळसूबाई, वर पाचशे मीटर दक्षिणा.

आता रेडिंगकरांसाठी. जरा लांबतंय, पण चहा घेऊन वाचा.

हा मार्ग १९७२ मध्ये खुला झाला तो मुळातच घोड्यांना आणि सायकलींना चालेल असा. विंचेस्टर ते ईस्टबर्न सगळी वाट सायकलने कायदेशीर करता येते, फक्त शेवटी एक मेख आहे. अल्फ्रिस्टनला दोन फाटे फुटतात. सेव्हन सिस्टर्सच्या पांढऱ्या कड्यांवरून जाणारी वाट पायी चालणाऱ्यांची आहे. आपल्याला जेव्हिंग्टनमार्गे आतून जायचंय. फोटोंच्या मोहाने कोणी तिकडे वळू नये. आणि पायी लोक किंवा घोडे समोर आले तर थांबायचं आपण, हा शिष्टाचार नाही, १९६८ च्या कायद्यात तसं लिहिलेलं आहे.

डोंगर खडूचे आहेत. कोरडे असतील तर त्यांच्यासारखी वाट नाही, सायकल सुसाट पळते. पण आदल्या रात्री पाऊस झाला की तोच खडू साबणासारखा होतो, आणि उतारावर पुढचा ब्रेक धरलात तर कुठे जाल याची खात्री नाही. खडूत चकमकीचे दगड असतात, त्यांच्या कडा ब्लेडच्या धारेच्या. साधी ट्यूब घालून येऊ नका. ट्यूबलेस टायर, आत भोकं बुजवणारं ताजं सीलंट, वर प्लग, पंप आणि अडीअडचणीला एक ट्यूब. सायकल हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली, पुरे. मागचं सस्पेन्शन असेल तर संध्याकाळी कंबर दुवा देते, पण त्याच्यासाठी नवी सायकल घेऊ नका. गादीची चड्डी मात्र चांगली घ्या, आणि तिच्या आत दुसरं काही घालू नका. हे मेलवर लिहायला संकोच वाटतो, पण न लिहिल्याचे परिणाम जास्त संकोचाचे असतात.

खडू पाणी धरून ठेवत नाही. झरा, ओढा वर कुठेही नाही. क्वीन एलिझाबेथ कंट्री पार्क, कॉकिंग, अडरच्या काठी बोटॉल्फ्स, साउथीझचं यूथ हॉस्टेल, ही पाण्याची ठिकाणं पाठ करा. दोन लिटर घेऊन निघायचं आणि नळ दिसला की भरायचं, मग तहान असो वा नसो. निम्म्या पाण्यात मीठ किंवा इलेक्ट्रोलाइट हवंच. उन्हात दिवसभर नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, आणि ते तहानेपेक्षा धोक्याचं.

दिशा विंचेस्टरहूनच ठेवा. इथला वारा बहुतेक नैऋत्येकडून येतो, तो पाठीशी राहतो.

आता मुद्द्याचं. हा दिवस पायांच्या जोरावर कोणी हरत नाही, वेगावरून हरतो. पाच मित्र एकत्र निघाले की पहिले ४० किमी सगळे सगळ्यात जोरकस माणसाच्या वेगाने जातात, कारण मागे पडायची लाज. मग ॲम्बर्लीला, म्हणजे जेमतेम अर्ध्यावर, दोघांचे पाय संपलेले असतात आणि रॅकहॅम हिलचा चढ समोर उभा असतो. म्हणून आमच्या टोळीचा नियम: चढावर ज्याचा त्याचा वेग, भेट गेटवर. या वाटेवर गेटं इतकी आहेत की कोणी फार वेळ एकटं राहत नाही. पुढचा गेट धरून उभा राहतो, शेवटचा लावून घेतो. शेवटचा पोचला की त्याला दोन मिनिटं श्वास घेऊ द्यायचा, मग निघायचं. तो आला की लगेच निघणं हा दुष्टपणा आहे, कारण विश्रांती पुढच्यांनाच मिळते.

दुसरं, सोडायच्या जागा आधीच ठरवा आणि मोठ्याने बोलून ठरवा. ॲम्बर्ली स्टेशन वाटेला जवळजवळ चिकटून आहे. पायकूमच्या टप्प्यावर हॅसक्स जवळ पडतं. साउथीझला तर वाट स्टेशनावरूनच जाते. आम्ही वेळ बांधून घेतो: दुपारी दोनपर्यंत ॲम्बर्ली नाही, तर गाडी. संध्याकाळी सातपर्यंत साउथीझ नाही, तर गाडी. हे त्या क्षणी ठरवायला गेलं की भांडणं होतात, कारण तेव्हा कोणाचंच डोकं जागेवर नसतं.

आणि लंडन ते ब्रायटन सायकलफेरी केलेल्यांनो, डिचलिंग बीकनला घाबरू नका. आपण तिथे माथ्यावरूनच पोचतो, चढ कळतही नाही. घाबरायचंच असेल तर साउथीझनंतरच्या इटफर्ड हिलला घाबरा. १३० किमी झाल्यावर ती येते.

वेळ? सराव असलेल्यांना थांब्यांसकट तेरा-चौदा तास. तुमच्या टोळीने सोळा धरावेत आणि दिवे बरोबर ठेवावेत.

ब्रायटनकर

प्रेषक: क्रॉलीकर

दादा, सगळं पटलं, दोन गोष्टी सोडून.

एक, चौदा तासांच्या वाटेवर शौचालयं कुठे आहेत हे तुम्ही लिहिलंच नाहीत. पुरुषांना सुचत नाही, म्हणून मी लिहिते. क्वीन एलिझाबेथ पार्कच्या व्हिजिटर सेंटरमध्ये आणि अल्फ्रिस्टन गावात आहेत. मधे पब आणि कॅफेंच्या वेळा पाहून थांबे ठरवा. उघड्या माथ्यावर मैलभर झुडूप नसतं.

दोन, गेटवर वाट बघायची कल्पना छान आहे, पण पुढच्याला थंडी वाजते. जूनमध्येसुद्धा पहाटे सहाला घामेजलेल्या अंगाने बीकन हिलवर उभं राहून बघा. पातळ वाऱ्याचं जाकीट प्रत्येकाच्या खिशात हवंच.

मी येतेय. रेडिंगकर, सहा धरा. विंचेस्टरला आदल्या रात्री राहायलाच लागेल, पहाटे साडेचारला पोचवणारी गाडी नाही. आणि मे महिन्यात निम्मा मार्ग एकदा करून बघू, विंचेस्टर ते ॲम्बर्ली. तेवढ्याने ज्याचं मन बदलेल, त्याचं तेव्हाच बदललेलं बरं.

प्रेषक: पॅचमच्या काकू

मुलांनो,

तुमचं खाण्याचं कोणी काहीच बोललं नाही! ते पाकिटातलं चिकट गोड किती वेळ खाणार? आमच्याकडे प्रवासाला दशम्या देत. दुधात मळलेल्या, चार दिवस टिकणाऱ्या. त्या देते, बरोबर गूळ-शेंगदाण्याची चिक्की, आणि मीठ-जिरं लावलेले उकडलेले छोटे बटाटे. पायकूमला मी गाडी घेऊन चहा आणते. खिचडी हवी असेल तर आधी कळवा, साबुदाणा भिजवावा लागतो.

एक विनंती आहे. क्लेटनच्या दोन पवनचक्क्या, जॅक आणि जिल, लागल्या की दक्षिणेला एक वाट फुटते. तिच्यावर दोनेक किमीवर छत्री आहे. पहिल्या महायुद्धात ब्रायटनच्या रुग्णालयांत आपल्याकडचे जखमी सैनिक होते, अगदी रॉयल पॅव्हिलियनमध्येसुद्धा. तिथे वारलेल्या हिंदू आणि शीख सैनिकांपैकी ५३ जणांना या डोंगरावर अग्नी दिला. त्याच जागी १९२१ च्या फेब्रुवारीत संगमरवरी छत्री उभी राहिली. दर जूनमध्ये तिथे मानवंदना होते, आम्ही जातो. इतक्या जवळून जाताय, तर नमस्कार करून या.

काकू

प्रेषक: ब्रायटनकर

काकू, छत्रीला जायचंच, पण ते जाऊन-येऊन चार किमी आहेत आणि तेही ११० किमीनंतर. ज्याच्या पायात जीव असेल त्याने जावं. बाकीच्यांसाठी मी वेगळ्या दिवशी घेऊन जाईन.

खिचडीबद्दल: हो. चालत्या सायकलवर तासाला ६० ग्रॅम तरी कर्बोदकं पोटात जायला हवीत, आणि दुपारनंतर गोड बघवत नाही. तेव्हा तुमचे बटाटेच तारतील. दशम्या सकाळच्या टप्प्याला.

प्रेषक: कार्यकारिणीतर्फे

सर्वांच्या माहितीसाठी: मंडळाचा विमा सभागृहातल्या कार्यक्रमांपुरता आहे. त्यामुळे ही सफर मित्रांची खासगी सफर समजावी आणि मंडळाच्या नावाचे टी-शर्ट छापू नयेत. शुभेच्छा आहेतच.

प्रेषक: रेडिंगकर

टी-शर्टची ऑर्डर रद्द केली आहे.

प्रेषक: क्रॉलीकर
विषय बदलला: झालं!

नमस्कार मंडळी,

रेडिंगकर अजून झोपलेत, म्हणून वृत्तांत मी लिहिते.

आदल्या रात्री पाऊस पडलाच. विंचेस्टर सोडल्यावर दोनेक तासांत ओल्ड विंचेस्टर हिलच्या बाजूला पांढरा चिखल टायरला असा बसला की चाकं फ्रेमला घासायला लागली. काठीने खरवडत पुढे जायचं, पुन्हा खरवडायचं. कॉकिंगपर्यंत आम्ही ठरल्या वेळेच्या तासभर मागे होतो. तिथून ऊन पडलं, वारा सुटला आणि वाट बघता बघता सुकली. ग्रॅफम डाउनच्या जंगलातून बाहेर आल्यावरचा लांब उतार मी ब्रेक न लावता केला. त्या दहा मिनिटांसाठी मी पुन्हा जाईन.

ॲम्बर्लीला पावणेदोन. आमच्यातल्या एकाचा गुडघा हार्टिंगपासून कुरकुरत होता. वेळेत होतो, तरी त्याने शांतपणे सायकल स्टेशनकडे वळवली. कोणी आग्रह केला नाही, कोणी "अरे जमेल" म्हटलं नाही. दादा, तुमच्या त्या मोठ्याने बोलून ठरवण्याचा हा उपयोग. तो गाड्या बदलत ईस्टबर्नला आमच्या आधी पोचला आणि सगळ्यांसाठी चिप्स घेऊन थांबला.

चँक्टनबरी रिंगला थोडं बसलो. १७६० मध्ये लावलेली तिथली बीचची झाडं १९८७ च्या वादळात बरीचशी पडली, आता नवी वाढतायत. वर वारा इतका की बोललेलं ऐकू येत नव्हतं. बोटॉल्फ्सचा नळ, मग ट्रूली हिल. तिथे आम्ही सगळे सायकल ढकलत चढलो आणि त्यात कोणाला काही वाटलं नाही.

काकू, पायकूमचा चहा आणि खिचडी! रेडिंगकरांनी तीन वाट्या खाल्ल्या आणि नंतरच्या चढावर खिचडीलाच शिव्या दिल्या. छत्रीला आम्ही दोघीच गेलो, बाकीचे पवनचक्क्यांपाशी गवतावर आडवे होते. चपला… म्हणजे सायकलचे बूट काढून पायऱ्यांवर उभ्या राहिलो. आमच्याशिवाय कोणी नव्हतं.

साउथीझला पावणेसात, म्हणजे पंधरा मिनिटं राखून. स्टेशनवर लुइसची गाडी उभीच होती, दारं उघडी. दोघे चढले. आम्ही तिघं इटफर्ड हिलला लागलो. दादा, तिला घाबरा म्हणालात ते कमी होतं. फर्ल बीकनवर मेंढ्या आमच्यापेक्षा वेगाने चालत होत्या. जेव्हिंग्टननंतरच्या शेवटच्या चढावर दिवे लावले. ईस्टबर्नचे दिवे वरून दिसतात, पण ते दिसल्यावर पोचलो असं समजू नका, अजून एक खडबडीत उतार आहे आणि तेव्हा हातात ब्रेक दाबायची ताकद उरत नाही. साडेदहाला पोचलो. चिप्स गार झाल्या होत्या.

गेटबद्दल माझं मत कायम आहे: जाकीट नसतं तर मी पहाटे गारठले असते.

पुढच्या वर्षी ज्यांना यायचंय त्यांनी आत्ताच सांगा. गाडीतून गेलेले तिघेही म्हणाले, आपापलं उरलेलं अंतर ते ऑगस्टमध्ये वेगळं करणार. कोणाला जायचं असेल तर रेडिंगकरांना लिहा, ते उठल्यावर.

प्रेषक: ब्रायटनकर

शाबास! सगळ्यांनाच.

सायकली धुतल्यात का? नसतील तर आजच धुवा. तो पांढरा चिखल सुकला की प्लास्टरसारखा बसतो आणि डीरेलरच्या सांध्यात शिरला की गिअर बदलत नाहीत. जोरात प्रेशरचं पाणी मारू नका, बेअरिंगमध्ये जाईल. बादली, ब्रश, मग चेन कोरडी करून तेल. ब्रेकपॅडही तपासा. ओल्या खडूत एका दिवसात निम्मे झिजलेले मी पाहिलेत.

ऑगस्टच्या फेरीला मी आहे. पंधरा तारखेनंतर ठेवा, त्याआधी माझ्याकडे पाहुणे आहेत.