विषय: विलच्या सह्यांना दोन साक्षीदार हवेत, रविवारी सकाळी

मेधा, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया (६ मे २०२०)
मंडळी, तातडीचं आहे. वकीलबाईंनी विलचा मसुदा व्हिडिओवर बोलून पक्का केला, कागद ईमेलने आले, पण गाडं सह्यांपाशी अडलंय. दोन साक्षीदार हवेत, दोघंही एकाच वेळी आमच्या समोर. वकीलबाईंचं ऑफिस कोरोनामुळे मार्चपासून बंद. नवरा, अजय, हॉस्पिटलात ड्यूटीवर असतो, त्यामुळे आमच्या घरात पाय ठेवायला कुणी धजत नाही. ड्राइव्हवेत दहा मिनिटं उभं राहील असं कुणी आहे का? चहा थर्मासमधून देईन.

मिलिंद
झूमवर उरकून टाक की. क्वीन्सला माझ्या भावाने गेल्या आठवड्यात केलं. एक साक्षीदार आल्बनीत, दुसरा बफेलोत.

श्रीकांतकाका
मिलिंद, ते न्यूयॉर्क. तिथे गव्हर्नर कुओमोंनी ७ एप्रिलला हुकूम काढला म्हणून व्हिडिओवरची साक्ष चालते. आपल्याकडे तसा हुकूम नाही. मेधा, तोवर एक कर: मजकूर स्वतःच्या हाताने लिहून सही केलीस तर कॅलिफोर्नियात साक्षीदाराशिवायही विल धरतात. टाइप केलेल्यावर नुसती सही नको. दोघांनी आपापलं वेगळं लिहा.

अश्विनी
मोडीत लिहिलं तर? सासरे विचारतायत.

संध्याताई
याच विषयावर ३१ तारखेला वेबिनार आहे, हे समितीला माहीत आहे. सगळं इथेच उरकलं तर तिकडे येणार कोण? शिवाय कायद्याचा सल्ला मंडळाच्या ईमेल लिस्टवर नको, असं मागच्या त्या प्रकरणानंतर ठरलं होतं.

मिलिंद
ते प्रकरण वर्गणीचं होतं, ताई.

प्राजक्ता
आमच्या सह्या वकिलांनी पार्किंगमध्ये घेतल्या. आम्ही गाडीत, काच चार बोटं खाली, फटीतून क्लिपबोर्ड आत. पेन ज्याचं त्याने आणायचं. घर ट्रस्टमध्ये टाकायचं म्हणून नोटरीही होती. डीडला (घराच्या मालकीच्या कागदाला) आणि पॉवर ऑफ अॅटर्नीला तिच्या वहीत अंगठा लागतो. सॅनिटायझरने ओल्या बोटावर शाई धरेना, तीनदा उठवला! नवरा म्हणाला, दोन मास्टर्स करून शेवटी अंगठेबहाद्दरच. ट्रस्टचा खटाटोप कशाला म्हणाल, तर दहा लाख डॉलरचं घर प्रोबेटमध्ये, म्हणजे मृत्यूनंतर कोर्टामार्फत वाटणीला, गेलं की एकट्या वकिलाची फी २३,००० डॉलरपर्यंत, घरावरचं कर्ज वजा न करता. एक्झिक्युटरने (विल अमलात आणणाऱ्याने) मागितली तर त्यालाही तेवढीच.

मेधा
घराचं नंतर बघू गं. मुलांचे पालक म्हणून पुण्याचे आईबाबा लिहिलेत, आणि विमानं बंद. आम्ही दोघं एकदम आडवे झालो तर पोरं त्या रात्री कुणाकडे झोपतील? वकीलबाईंनी इथलं एक नाव तात्पुरतं घालायला सांगितलंय. वहिनी सॅन होजेला आहे, पण तिच्या घरी ऐंशीच्या सासूबाई. विचारायलाच जीभ रेटत नाही.

सुनीलदादा
पोरांना आमच्याकडे पाठव, हिला विचारलंय, नाव घाल. साक्षीला मी नि शेजारचा येतो. फक्त विलमध्ये आम्हा दोघांच्या नावे काही ठेवलं असशील तर साक्षीदार दुसरे बघ, उगाच उद्या कुणी शंका काढायला नको.

मेधा
दादा, छदामही ठेवलेला नाही. दहा वाजता ये, निळं पेन घेऊन. मेलबॉक्सपाशीच थांब, तिथून सही करताना नीट दिसतं. अश्विनी, मोडी वाचणारा जज मिळाला की कळवते.

संध्याताई
मंडळाच्या घडीच्या खुर्च्या नेणार असाल तर चावी माझ्याकडे आहे. पुसून परत करा.