मदत हवी आहे: गाडीत पेनड्राइव्हवरून मेटल अल्बम सलग वाजत नाहीत

२०२४ मधले माझे लाडके अल्बम पेनड्राइव्हवर भरलेत. पुण्याहून एका कॉन्सर्टसाठी बेंगळुरूला गाडीने जायचंय, रस्त्यात सगळे पुन्हा ऐकायचा बेत आहे.

अडचण दोन अल्बमची. ब्लड इन्कँटेशन या बँडच्या 'ॲब्सोल्यूट एल्सव्हेअर'मध्ये खरं तर दोनच गाणी, मिळून सुमारे ४४ मिनिटं, पण प्रत्येकाचे तीन-तीन तुकडे. एका तुकड्यातून दुसऱ्यात जाताना स्टिरिओ अर्धा सेकंद गप्प बसतो. रिफ (गिटारची पुन्हा पुन्हा येणारी धून) ऐन रंगात आणि मधेच उचकी! ओपेथ बँडचा 'द लास्ट विल अँड टेस्टमेंट' वेगळाच छळतो. त्यातल्या आठपैकी सात गाण्यांना नावं नाहीत, नुसतं § चिन्ह आणि आकडा. पडद्यावर तिथे चौकोन दिसतो आणि शेवटचं गाणं आधी वाजतं. (ग्राउल, म्हणजे गुरगुरत गाणं, इतक्या वर्षांनी परत आलेत, निदान ते तरी ओळीने ऐकू द्या.)

फाइल ३२० केबीपीएस एमपी३ आहेत, ड्राइव्हचं फॉरमॅट फॅट३२. नावांआधी ०१, ०२ लावून पाहिलं, क्रम तोच. दुसरा ड्राइव्हही झाला. ब्लूटूथवर सगळं सलग वाजतं, पण फोन मॅपसाठी लागतो आणि दर वळणाला ती बाई मधे बोलते. स्टिरिओ कंपनीचाच आहे, बदलायचा नाही. फ्लॅक (दर्जा न घटवणारा ऑडिओ फाइलचा प्रकार) चालतं असं मॅन्युअलमध्ये लिहिलंय, अजून करून पाहिलेलं नाही.

तुकडे जोडून एकच फाइल केली तर गाणं पुढे ढकलता येणार नाही, म्हणून ते शेवटचा उपाय.

फ्लॅक केल्याने ही उचकी जाते का, की स्टिरिओच तसा आहे? आणि ड्राइव्ह पुसून फाइल एकेक करून ओळीने कॉपी केल्या तर क्रम सुधारल्याचा कुणाला अनुभव आहे का?