साथीची बातमी येताच किराणा का साठवला जातो?

प्रश्न: २४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता २१ दिवसांच्या टाळेबंदीची घोषणा झाली, तेव्हा जीवनावश्यक वस्तू मिळत राहतील हे ठाऊक असूनही आमच्या रत्नागिरीत दुकानांपुढे झुंबड का उडाली असावी?

उत्तर: आगोटीची बेगमी आपल्याला नवी नाही, पावसाळ्यापूर्वी सुकी मासळी, मीठ, कडधान्ये आपण भरतोच. मात्र पावसाची वेळ ठाऊक असते, साथीची नसते, त्यामुळे किती पुरेल याचा अंदाजच चुकतो.

उत्तर: माझ्या मते भीतीपेक्षा शेजाऱ्याची भरलेली पिशवी अधिक कारणीभूत असते. प्रत्येकाने दोनच किलो साखर जास्त घेतली, तरी नेहमीच्या खपाच्या हिशेबाने भरलेले दुकान लवकर रिकामे होते आणि ते पाहून न घाबरणाराही घाबरतो.

उत्तर: मान्य, पण रोजंदारीवरच्या खलाशाजवळ साठवण्याइतके पैसेच नसतात, त्याच्या वाट्याला ते रिकामे फडताळ येते.