बी.आर्च. की बी.एस.? १ मेच्या आत ठरवायचंय

नमस्कार मंडळी,
गेल्या गणपतीत घडीचा मखर जिने केला ती आमची धाकटी आता आर्किटेक्चरला निघालीय. दोन ठिकाणी मिळालंय, नेवार्कच्या एनजेआयटीला (न्यू जर्सी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) पाच वर्षांचं बी.आर्च. आणि मेरीलँडला चार वर्षांचं बी.एस. इन आर्किटेक्चर. डिपॉझिट १ मेच्या आत भरायचंय. हिचे बाबा म्हणतात चार वर्षांत डिग्री हातात पडतेय तर पाचवं वर्ष कशाला, आणि हिला मेरीलँडचा कॅम्पस फार आवडलाय. मला एवढंच सांगा, दोन्हीकडून पास झाली की ती आर्किटेक्ट होते ना? आपल्या मंडळाच्या या ईमेल यादीवर कुणी आर्किटेक्ट असेल तर रात्री अकरापर्यंत फोन केला तरी चालेल.
— धाकटीची आई, एडिसन, न्यू जर्सी

---

वहिनी,
कॉलेजचे प्रश्न आधी शिक्षण समितीकडे पाठवायचे असं जानेवारीच्या सभेत ठरलंय, कारण यादीवर दहा जण दहा गोष्टी सांगतात आणि पालक गोंधळतात. समितीचं मत नेहमी एकच असतं, युनिव्हर्सिटी मोठी घ्यावी, मेजर, म्हणजे मुख्य विषय, नंतर बदलता येतो. माझ्या मुलाने दोनदा बदलला, काही अडलं नाही.
— शिक्षण समितीतर्फे

---

समितीचा मान राखून सांगते, हा सल्ला कॉम्प्युटरवाल्यांना ठीक आहे, इथे नाही. वहिनी, दोन्ही डिग्र्यांच्या नावात आर्किटेक्चर असलं तरी त्या एक नाहीत. इथे लायसन्ससाठी लागणाऱ्या प्रोफेशनल डिग्रीला मान्यता नॅब नावाची संस्था देते, आणि ती मिळते बी.आर्च., एम.आर्च. किंवा डी.आर्च.ला. चार वर्षांच्या बी.एस.ला ती नसते, कुठल्याही कॉलेजची असो, मेरीलँड चांगलंच आहे पण तिथेही पुढे एम.आर्च. करावं लागतं, म्हणजे साधारण चार अधिक दोन, सहा वर्षं. न्यूयॉर्कसारख्या काही राज्यांत नॅबची डिग्री नसली तरी जास्त वर्षांचा अनुभव दाखवून लायसन्स मिळतं, पण बहुतेक राज्यं डिग्री मागतात आणि आज अठराव्या वर्षी ती कुठल्या राज्यात राहणार हे कुणाला माहीत.

आणि डिग्रीनंतरही लगेच आर्किटेक्ट नाही हो. एनकार्बचे, म्हणजे राज्यांच्या लायसन्स बोर्डांच्या संघटनेचे, ३,७४० तास कामाचा अनुभव, तो पण सहा वेगवेगळ्या प्रकारच्या कामांत वाटलेला, आणि लायसन्सची सहा भागांची एआरई परीक्षा. फुल टाइम धरलं तरी तासांनाच जवळजवळ दोन वर्षं जातात. एक चांगलं आहे, हायस्कूल पास झालं की तास मोजायला सुरुवात करता येते, तेव्हा समरमध्ये एखाद्या आर्किटेक्टच्या ऑफिसात काम मिळालं तर लगेच नोंदवायचं. माझ्या वेळी आठ महिन्यांच्या आत नोंदवलं नाही तर निम्मेच धरायचे, माझे असे बरेच तास गेले.

मी हे का एवढं लिहितेय, कारण माझं बी.आर्च. पुण्याचं, तिकडे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचा नोंदणी नंबर होता, नावाआधी ‘आर.’ लावायचे. इथे आल्यावर नऊ वर्षं माझ्या कार्डावर ‘डिझायनर’ होतं. एका गावच्या लायब्ररीची पायऱ्यांपासून छपरापर्यंत सगळी ड्रॉइंग्ज मी काढली, शिक्का लायसन्सवाल्या दुसऱ्याचा, उद्घाटनाच्या पाटीवरही नाव त्याचंच. मग चाळिशीला टेकल्यावर एम.आर्च. केलं, घरात दोन लहान मुलं. पोरीला हे माहीत असून तिने मेरीलँड निवडलं तर आनंदच आहे, पण माहीत नसताना नको.
— सु., प्रिन्सटन जंक्शन

---

सु.ताईंनी पुण्याचं काढलं म्हणून विचारतो, तिकडेच का नाही पाठवत? आमच्या वेळी आर्किटेक्चरसाठी मुंबईच्या जे.जे.ला जाणं म्हणजे काय होतं! आर्किटेक्ट अच्युत कानविंदे आपल्या कोकणातल्या आचऱ्याचे, जे.जे.तून निघाले ते हार्वर्डला नामवंत आर्किटेक्ट ग्रोपियसकडे शिकले आणि परत येऊन आयआयटी कानपूर उभी केली. बाळकृष्ण दोशी मूळ पुण्याचे, तेही जे.जे.चे, २०१८ला आर्किटेक्चरमधलं सगळ्यात मोठं पारितोषिक, प्रित्झकर, मिळालं. माझा थोरला भाऊ जे.जे.ला होता, रात्री दोन वाजता स्वयंपाकघरात ड्रॉइंग बोर्ड टाकून बसायचा आणि आई त्याच्यासाठी चहा ठेवून झोपायची. पोरगी मराठीही बोलायला लागेल.
— तात्या

---

तात्या, मराठी ती उत्तम बोलते, शाळेच्या दोन्ही नाटकांत होती, तुम्ही पहिल्या रांगेत बसून बघितलीत.
— माई (मराठी शाळा)

---

तात्या, तिला तिकडेच काम करायचं असेल तर नक्की पाठवा, मी स्वतः तिथलंच खाल्लंय. पण प्रवेशासाठी नाटा ही परीक्षा किंवा जेईईचा पेपर दोन द्यावा लागेल, तिकडेही पाच वर्षं, आणि परत इथे आली तर ती डिग्री नॅबची धरत नाहीत, एकेका विषयाचं मूल्यमापन करून काय कमी पडतं ते सांगतात. माझं तेच झालं. कानविंद्यांचा काळ वेगळा, त्यांना तिकडे परत जाऊन काम करायचं होतं.
— सु.

---

मी आर्किटेक्ट नाही, पैशांचं सांगतो. मास्टर्सला लागेल तेवढं फेडरल कर्ज ग्रॅड प्लस नावाच्या योजनेतून मिळायचं, ते १ जुलै २०२६ पासून नवीन कर्ज घेणाऱ्यांना बंद. म्हणजे चार अधिक दोनमधले शेवटचे दोन कसे भरणार ते आज कागदावर मांडा, चार वर्षांनी नको. शिवाय मेरीलँड तुम्हाला आउट ऑफ स्टेट, म्हणजे फी जास्त, नेवार्क इन स्टेट. घरून ये-जा केली तर राहण्याचेही वाचतील.
— खजिनदार

---

घरून ये-जा नको!! माझी सून फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल युनिव्हर्सिटीची, तिथे दोन वर्षं दिवसा कॉलेज आणि पुढची चार वर्षं दिवसा ऑफिस, संध्याकाळी क्लास असा रस्ता आहे, शेवटी बी.आर्च.च मिळतं. ती सांगते शिक्षण वर्गात कमी आणि स्टुडिओत जास्त होतं. शेजारच्या टेबलावरचा काय करतोय, सरांनी त्याचं मॉडेल का मोडायला लावलं, हे बघून माणूस शिकतो. शेवटची ट्रेन पकडायला रात्री साडेनऊला टेबलावरून उठणारं मूल मागे पडतं.
— वेस्ट विंडसरहून एक सासू

---

समितीने कुणाची दिशाभूल केलेली नाही. नॅबचा मुद्दा ऑक्टोबरच्या कॉलेज नाइटच्या कागदात घालू, सु.ताईंनी अर्धं पान लिहून द्यावं. आणि तो घडीचा मखर स्टोरेज युनिटमध्ये दिसत नाही, कुणी नेलाय?
— शिक्षण समितीतर्फे

---

सगळ्यांचे खूप आभार, विशेषतः सु.ताई, काल फोनवर दीड तास बोललात. मेरीलँडला विचारलं, त्यांनी लगेच सरळ सांगितलं की बी.एस. प्री-प्रोफेशनल आहे, पुढे एम.आर्च. लागेल. हिचे बाबा गप्प झाले, मग स्वतःच वही घेऊन पाच आणि सहा वर्षांचा हिशोब मांडत बसले. धाकटी मात्र म्हणते, चार वर्षांनी मन बदललं तर बी.एस.वर दुसरीकडे वळता येईल, बी.आर्च. अर्धवट सोडलं तर हातात काय? मला याचं उत्तर देता आलं नाही. गुरुवारी नेवार्कच्या स्टुडिओत दिवसभर बसायची परवानगी मिळालीय, सु.ताई रजा काढून बरोबर येतायत. तिथल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांना ती स्वतःच विचारणार आहे. शुक्रवारी कळवते.

मखर आमच्या गॅरेजमध्ये आहे, दोन बिजागऱ्या सैल झाल्यात, ती जायच्या आधी बसवून देईल.
— धाकटीची आई